न गळणाऱ्या नळांची भिंत

"कॅमेरा घेणं म्हणजे नुसता कॅमेरा घेणं नव्हे," धाकट्याने घरच्यांना बसवून सांगितलं. "लेन्स बदलता येणारा घ्यायचा तर ती सोयरीक आहे. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही. एकदा एका घरात पडलो की जन्मभर तिथेच."

"मग मुलगीच बघ. स्वस्तात पडेल," ताई म्हणाली.

बाबा हसले नाहीत. ते पाट्या रंगवायचे. हात थरथरायला लागल्यापासून बंद. त्यांच्या हातचं एकच मोठं काम अजून टिकून होतं, चौकातल्या गोदामाची भिंत. तिच्यावर माणसाहून उंच अक्षरांत लिहिलेलं: 'न गळणारे नळ'. नळांची कंपनी कधीच बुडाली होती. आता गोदामही विकलं होतं, आणि नवा मालक भिंत पांढरी करणार होता. त्याआधी बाबांना तिच्यासमोर उभं राहून एक चांगला फोटो हवा होता. एरवी ते कुणाकडे काही मागत नसत. जेवताना मीठसुद्धा उठून घेत.

"मी काढते की फोनवर," ताई म्हणाली.

"फोनवर?" धाकटा असा दचकला, जणू तिने बाबांना खडूने काढायचं सुचवलं होतं.

मग संशोधन सुरू झालं. विटांच्या भिंतींचे फोटो काढून लेन्स पारखणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तो तासन्‌तास बघे. बाबांची भिंत बघायला मात्र एकदाही गेला नाही. कोणत्या कंपनीच्या लेन्स पुढेही मिळत राहतील? कुणाचा कॅमेरा उडत्या पक्ष्याचा डोळा टिपतो?

"बाबा उडणार आहेत का?" ताईने विचारलं.

"सिस्टिम घेताना पुढचं बघावं लागतं."

शेवटी कॅमेरा आला. नुसती बॉडी. लेन्स कोणती, यावर विचार चालू होता. बाबांनी मात्र कॅमेरा आल्याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून टाकलं.

आणि एका सकाळी भिंत पांढरी करायला नेमलेल्या रंगाऱ्याचा बाबांना फोन आला. "काका, आजच मारायला सांगितलंय. या लवकर. तुमचा फोटो होईपर्यंत मी हात लावत नाही."

ताई कामावर गेली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल रे, घे तुझं यंत्र."

धाकट्याने पिशवी खांद्याला लावली.

भिंतीसमोर बाबा ताठ उभे राहिले. थरथरता हात त्यांनी पाठीमागे लपवला. रंगारी बादलीशेजारी उकिडवा बसून वाट बघत होता. धाकट्याने कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्सच्या जागी काळं झाकण होतं. बाबांना ते लेन्सच वाटलं. आत अंधार, आणि अंधारात अक्षरं: 'लेन्स जोडा'. खिशात फोन होता. पण तो काढायचा म्हणजे बाबांना सगळं सांगायचं. त्याने बटण दाबलं. काहीच वाजलं नाही.

"आला का?"

"आला."

बाबांनी मान वळवून रंगाऱ्याला सांगितलं, "मार आता."

रोलर वरून खाली आला.

"तो शेवटचा ळ बघितलास?" बाबा जवळ येत म्हणाले. "आखणी न करता मारला होता, एका दमात. फोटोत नीट आलाय ना?"

"हो," धाकटा म्हणाला आणि त्याने पटकन भिंतीकडे बघितलं. नळाचा न तेवढा राहिला होता.