कापूस कोंबलेली बाटली

फालेसीने गोळ्यांच्या बाटलीत उशीतला कापूस कोंबला आणि ती कानाशी हलवून पाहिली. आवाज नाही. मग तिने ती कमरेला गुंडाळलेल्या चितेंजे कापडाच्या गाठीत खोचली. कुणाच्या कमरेशी गोळ्यांची खुळखुळ ऐकू आली, की मासे वाळवणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होई.

तपासणीत एचआयव्ही निघाल्याला अकरा दिवस झाले होते. "आजपासूनच सुरू कर, बाळासाठीही," नर्स म्हणाली होती. फालेसीला चौथा महिना होता. पण दुखत-खुपत काहीच नव्हतं, भूक चांगली लागत होती. आजारी पडलो तर बघू, असं म्हणत ती रोजची गोळी उद्यावर ढकलत होती. आपणही काय कमी ढकलतो?

त्या दुपारी उसिपा मासे उलटता उलटता तिचा डोळा लागला. सरोवरावर चिलटांचे ढग धुरासारखे उंच उठले होते. स्वप्नात ते सावकाश किनाऱ्याला आले. त्यांच्या आत एक मूल खुळखुळा वाजवत होतं. फालेसी हात पुढे करी आणि हाती नुसता कापूस येई. आवाज लांब लांब जात राहिला.

ती दचकून उठली. खुळखुळा खराच वाजत होता. संध्याकाळच्या चिओडा नाचासाठी म्हातारी न्याचिर्वा तो हलवून बघत होती. तिच्या खुळखुळ्याशिवाय गावातल्या बायकांचं पाऊल उचलत नसे. उठण्याच्या गडबडीत फालेसीची बाटली वाळूत पडली, अगदी मुकाट.

न्याचिर्वाने ती उचलली. "कापूस उशीतला का गं?"

फालेसीने झटकन ती तिच्या हातून घेतली.

"सोळा वर्षांपूर्वी मीही कोंबला होता. धडधाकट आहे, औषध कशाला, म्हणून बसले. मग इतकी आजारी पडले, की मला सायकलवर बांधून दवाखान्यात नेलं. लपवायला गेले आणि अख्ख्या गावानं पाहिलं! पोटातलं लेकरूही औषधाविना गेलं, पोरी."

"पण बायका माझ्याजवळ बसतील का, आजी?"

म्हातारी हसली. तिने खुळखुळ्यावरचं रंगीत फडकं सोडलं. आत गोळ्यांचीच रिकामी बाटली होती, मक्याचे दाणे घातलेली.

"यावरच नाचतात त्या. जिने विचारलं, तिला मी सांगितलंय. आधी दोघी-तिघी उठून गेल्या, मग नाच सोडवेना म्हणून परत आल्या. मी रोज वेळेवर गोळी घेते, म्हणून ठणठणीत आहे. तूही घे, म्हणजे बाळालाही जपता येईल."

फालेसीने बोटाने कापूस ओढून काढला आणि वाऱ्यावर सोडला. पहिली गोळी तिने तिथेच, म्हातारीच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळली. डोळे भरून आले होते, तरी मन हलकं झालं होतं.

मित्रहो, हा आजार अंगात गुपचूप बसतो, म्हणून औषधासाठी दुखण्याची वाट पाहू नये. आणि शेजारची जागा रिकामी करणारे आपणच असू, तर ती भरायचीही आपणच.

संध्याकाळी होडीकडे निघालेला तिचा नवरा वेडसन थबकला. "कमरेला काय वाजतंय गं?"

"बस इथे, सांगते," फालेसी म्हणाली. "आणि उद्या तपासणीला तूही चल."

वेडसन तिच्या शेजारी बसला.