चौथी गाठ

रघुपतीआप्पांचे डोळे पिवळे झाले तेव्हा गल्लीने कावीळ ठरवून टाकली आणि जो तो भुईआवळ्याचा रस घेऊन दारात उभा राहिला. निघाला तो पित्तनळीचा कर्करोग. डॉक्टर सुब्रमण्यमनी तो भाग कापून काढला आणि बरणीत घालून चंद्रमतीकडे तपासायला पाठवला.

चंद्रमती इस्पितळातली पॅथॉलॉजिस्ट. तमिळ मुलखातल्या राजवाड्यामागच्या त्याच मराठी गल्लीत वाढलेली. आप्पांनी तिला कान धरून गणित शिकवलं होतं. आता तेच आप्पा तुकड्यातुकड्यांनी तिच्या टेबलावर आले होते आणि तिला ते मुळीच आवडलं नव्हतं.

रोग नळीतच थांबलाय की पुढे सरकलाय, हे नळीभोवतीच्या चरबीत दडलेल्या गाठी सांगतात. घसा धरला की मानेत सुजतात ना, त्याच जातीच्या. त्या स्वच्छ असल्या तर माणूस बरीच वर्षं काढू शकतो. एकीत जरी रोग शिरलेला असला, तर फार आशा धरू नये. चंद्रमतीला तीन गाठी सापडल्या. तिन्ही स्वच्छ.

"मग झालं की," सुब्रमण्यम म्हणाले. "घरच्यांना सांगून टाकू."

घरचा म्हणजे आप्पांचा मुलगा वैद्यनाथ. त्याने आधीच बजावलं होतं: आप्पांना आयुष्य असेल तर आपल्या मुलीचं, सरोजाचं, कॉलेज होऊ दे, नसेल तर येत्या संक्रांतीला लागणाऱ्या तै महिन्यात तिचं लग्न, आप्पांच्या डोळ्यांदेखत. नवरामुलगा ओरत्तनाडू गावच्या कचेरीतला, ठरल्यातच जमा. सरोजा नुकतीच बी.एस्सी.ला गेलेली. ती चंद्रमतीला गाठून एवढंच म्हणाली होती, "अक्का, आप्पा बरे होतील म्हणून सांग कीं. मज शिकायचं आहे."

तीन गाठींवर थांबलं तर पोरीचं कॉलेज वाचत होतं. वर खोटंही बोलावं लागत नव्हतं. पण एवढ्या चरबीत तीनच गाठी हाती लागल्या, तर रोग नाही असं ठरत नाही. आपण नीट शोधलं नाही, एवढंच ठरतं. हे ती दर वर्षी विद्यार्थ्यांना दरडावून सांगायची. आज मात्र कॉफी पिऊन मुकाट घरी जावं असं तिला मनापासून वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

तिने बरणी पुन्हा उघडली. चरबीचे पातळ काप केले आणि एकेक काप चिमटीत दाबून पाहत गेली. चौथी गाठ नळीच्या मागच्या अंगाला मिळाली, मसुरीएवढी. तिची काचपट्टी तयार झाल्यावर चंद्रमतीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रोग तिथे ऐसपैस बसला होता.

असलं काही रोग्याला सांगायचं नाही, मुलाला सांगायचं, अशी इस्पितळाची पद्धत. पण खरं काय ते आधी आपल्याला सांगायचं, असं वचन ऑपरेशनआधी आप्पांनी तिच्याकडून घेतलं होतं. ती त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसली.

"आलं कीं उत्तर?" आप्पांनी विचारलं.

"आलं. बरं नाहीं, आप्पा. एका गाठींत रोग आहे."

"किती दिवस?"

"वर्षभर. थोडं पुढंमागं."

मग तिला रडू आलं. आप्पांनी रडू दिलं.

"सरोजाचं कॉलेज मी घालवलं," ती म्हणाली.

"खुळी आहेस. तूं बरं आहे म्हणून सांगितली असतीस, तर मी निवांत बसलों असतों. आणि मी गेल्यावर वैद्यनाथानें वर्षाच्या आंत तिला उजवून टाकलं असतं. त्याला बोलाव."

वैद्यनाथ आला. बापाचा चेहरा पाहून त्याला काय ते कळलं. तो पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "तै महिन्यांतच करूं, आप्पा. तुमच्या डोळ्यांपुढं."

"मज बघायचं नाहीं. मी आहे तोंवर घरांत लग्नाची गोष्ट काढायची नाहीं." आप्पांना धाप लागली. "बाप गेला म्हणजे घरचं लग्न वर्षाच्या आंत करायचं, नाहींतर तीन वर्षं थांबायचं. आपली रीत आहे कीं नाहीं?"

"आहे," वैद्यनाथ म्हणाला. त्याने जन्मात एक रीत मोडली नव्हती, आणि आता तीच त्याच्या गळ्यात पडत होती.

"मग तूं तीन वर्षं थांबायचं. हात दे."

वैद्यनाथने हात दिला. तो ढसाढसा रडत होता, पण हात त्याने सोडला नाही.

आप्पांनी मान चंद्रमतीकडे वळवली. लहानपणी पाढे विचारताना करायचे, तशी भुवई वर केली.

"माझं एक वर्ष, माझ्या मागची तीन. बी.एस्सी. होतें कीं?"

"होतें, आप्पा," चंद्रमती म्हणाली. "वर एक वर्ष उरतं."

"तें असूं दे," आप्पा म्हणाले. "गणितांत ती कच्ची आहे."