मद्रासला नेलेला कूलर

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा कूलरवाल्याला यवतमाळात धड जेवायलाही फुरसत मिळत नाही, नेमक्या तेव्हा डोमाजींनी धंदा बंद ठेवला आणि ते मद्रासला निघाले. एसटी स्टँडवरच्या चहावाल्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. भर सीझनमध्ये गाव सोडणारा कूलरवाला त्यानं पाहिला नव्हता. त्यातून डोमाजींच्या सामानात कपड्यांची एक पिशवी होती आणि एक अख्खा कूलर होता.

अख्खा म्हणजे सुटा केलेला. पत्रे नटबोल्ट काढून एकावर एक ठेवून गोधडीत गुंडाळले होते, मोटार आणि पंखा जुन्या लुगड्यात बांधला होता, पंप स्टीलच्या डब्यात होता, आणि एका पोत्यात वाळ्याच्या तीन ताट्या होत्या. लोक हल्ली कूलरला लाकडाच्या किसाचं स्वस्त गवत लावतात. डोमाजींच्या ताट्या अस्सल वाळ्याच्या होत्या, सुतळीनं आडव्या-उभ्या टाचलेल्या, टाका टाक्याला लागून. त्या रुखमाबाईंच्या हातच्या होत्या. रुखमाबाई म्हणजे डोमाजींची बायको. तीस वर्षं त्या घरी बसून ताट्या टाचायच्या आणि डोमाजी सायकलवर, मग लुनावर, त्या गावभर बसवत फिरायचे. या तीन ताट्या त्यांच्या हातच्या शेवटच्या.

त्यांचं काय झालं ते सांगायलाच हवं, नाहीतर म्हाताऱ्याला वेड लागलं होतं असंच कुणीही म्हणेल. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, कडक उन्हाचा नऊ दिवसांचा नवतपा लागायला तीन-चार दिवस होते, घरच्या कूलरचं गवत कुजून गळून पडलं होतं. पंखा फिरायचा आणि नुसती गरम हवा यायची. रुखमाबाईंनी सांगितलं, गवत बदला. डोमाजी म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशी सांगितलं, ते म्हणाले, उद्या. या तीन ताट्या तेव्हा घरातच, कोपऱ्यात, भिंतीला टेकून होत्या, पण त्या दारव्हा रोडवरच्या एका गिऱ्हाइकाच्या होत्या. तिसऱ्या दिवशी रुखमाबाईंनी नुसतं ताट्यांकडे पाहिलं. डोमाजींना ते पाहणं दिसलं होतं, आणि तरी ते लुनाला किक मारून निघून गेले होते. दुपारी चारला परत आले तेव्हा रुखमाबाई माठाजवळ आडव्या झाल्या होत्या, हातात रिकामा पेला. कूलर चालू होता आणि त्यांच्या अंगावर गरम हवा फेकत होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा राजदीप मद्रासकडे एका कारखान्यात मशीनवर कामाला. तो आला, आईचा अंत्यविधी उरकला, आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजी निघून गेल्यावर, दहा माणसांसमोर एवढंच बोलला, "साऱ्या गावाच्या कूलरले तुमी गवत भरलं, बाबा. मायच्याच नाही भरलं." राजदीप त्याच संध्याकाळी निघून गेला. त्यानंतर दोन वर्षं तो घरी आला नाही आणि बापाशी बोलला नाही. खुशाली कळायची ती सून मैत्रेयीकडून. डोमाजींनी त्या ताट्या गिऱ्हाइकाला दिल्या नाहीत. चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या.

यंदा एप्रिलात मैत्रेयीचा फोन आला. सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, मारेगावला माहेरी जायचं ठरलेलं, पण डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावलं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली स्लॅब. घरमालकाची वायरिंग जुनी, एसी लावू देत नव्हता. मामाजी, जीव कासावीस होते, ती सासऱ्याला म्हणाली आणि तिनं ते हसण्यावारी नेलं. डोमाजींना मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. पुढच्या फोनला त्यांनी सांगून टाकलं की मी कूलर घेऊन येतो. तेव्हा राजदीपनं बायकोच्या हातातून फोन घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा बापाच्या कानावर लेकाचा आवाज पडला. "इथं कूलर चालत नाही. आणू नका," तो म्हणाला आणि फोन परत दिला.

आता हे सरळ वाक्य होतं. पण ज्याच्या मनात दोन वर्षं एकच गोष्ट ठसठसत असते त्याला सरळ बोलणं सरळ कसं ऐकू येणार? मुलाला माझ्या हातचा कूलर नको, डोमाजींनी अर्थ लावला. आणि मग तर त्यांनी हट्टच धरला. एका घरात कूलरचं गवत भरायचं राहून गेलं होतं, दुसऱ्या घरात काही राहू द्यायचं नाही. लेकानं एकदा त्या गारव्यात बसून 'बाबा' म्हणावं, बाकी त्यांना काही नको होतं.

वर्ध्याला रेल्वेत चढताना पत्र्यांवरून डब्यातल्या लोकांशी भांडण झालं, ते बल्लारशाला मिटलं, आणि पुढे रात्रभर एका म्हातारीनं त्या गोधडीवरच पाय ठेवून झोप काढली. सकाळी मद्रास जवळ आलं तशी खिडकीतून येणारी हवा बदलली. डोमाजींनी दुपट्ट्यानं मान पुसली, ती लगेच पुन्हा ओली झाली. पुन्हा पुसली. गावाकडे पंचेचाळीस डिग्रीतसुद्धा त्यांना इतका घाम आला नव्हता, कारण तिथे आलेला घाम जागच्या जागी सुकून जातो. रात्रभर झोप नाही म्हणून असं होत असेल, त्यांनी मनाशी म्हटलं.

राजदीप स्टेशनवर आला होता. वाकून पाया पडला, रीत म्हणून. मग त्यानं पोतं उचललं, त्याच्या नाकाशी वाळ्याचा वास गेला असावा, कारण तो क्षणभर तसाच उभा राहिला. निदान रागवेल असं डोमाजींना वाटलं होतं. तेही त्यानं केलं नाही. रिक्षात दोघांच्या मध्ये पत्रे होते आणि दोघे आपापल्या बाजूला बघत होते.

मैत्रेयीनं दारातच जय भीम केला. पाय सुजले होते, चेहरा उतरला होता, तरी माहेरचं कुणी आल्यासारखी ती खुलली. राजदीप आंघोळ करून ड्यूटीवर गेला. डोमाजींनी अंगावरचा सदरा धुऊन पिळून गच्चीवर टाकला आणि कूलर जोडायला बसले. खिडकीच्या मापात बसेना म्हणून खाली विटा लावल्या, पंप तपासला, ताट्या पाण्यात भिजवून आत बसवल्या. त्यांचे हात हे काम झोपेतही करतील. तीन वाजता त्यांनी बटण दाबलं.

पहिली दहा मिनिटं सगळं त्यांच्या मनासारखं झालं. वाळ्याचा वास खोलीभर पसरला. मैत्रेयीनं डोळे मिटले आणि म्हणाली, घरी आल्यासारखं वाटून राह्यलं. डोमाजी भिंतीला टेकून बसले. दोन वर्षांत असं टेकून बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मग हळूहळू बिघडलं. भिंतीवर ओल धरली. चादर हाताला दमट लागायला लागली. पंख्याचा झोत अंगावर येत होता, पण त्यात गारवा नव्हता, नुसतं पाणी होतं. डोमाजींना वाटलं पाणी कमी पडतंय, त्यांनी पंपाची तोटी सोडली. पंखा वाढवला. मैत्रेयीनं हातानं गळ्यावरचा घाम पुसला. सासरा पत्रे डोक्यावर घेऊन हजार किलोमीटर आलेला, त्याला काय सांगणार. डोमाजींनी विचारलं, बरं वाटते का, तर ती म्हणाली, हो मामाजी.

पाचाच्या सुमाराला ते सदरा आणायला गच्चीवर गेले. ऊन रणरणत होतं आणि सदरा अजून हाताला ओलसरच लागत होता. यवतमाळच्या उन्हात अर्ध्या तासात कडकडीत झाला असता. तो सदरा हातात धरून डोमाजी उभे राहिले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मृगाच्या सरी येऊन गेल्या की गावात कूलर बंद करतात. ओल्या हवेत कूलर चिकचिक वाढवतो, हे यवतमाळात शेंबड्या पोरालाही कळतं. पण डोमाजींच्या हिशेबी चिकचिक म्हणजे जुलै आणि मे म्हणजे कोरडी भट्टी. मे आणि जुलै एकाच दिवशी येणारी गावं असतात, हे त्यांना चौसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. एकानं सांगितलं होतं, फोनवर, सरळ.

ते धावत खाली आले. मैत्रेयी दाराशी जमिनीवर बसली होती, डोकं चौकटीला टेकलेलं, तोंड उघडं, आणि बाजूला पेला लवंडलेला. कूलर चालू होता.

डोमाजी शेवटच्या पायरीवरच थांबले. दोन पावलांचं अंतर त्यांना ओलांडता येईना. मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, काही नाही मामाजी, जरा गरगरलं. त्यांनी आधी कूलरची पिन उपटली. तिला धरून धरून जिन्याच्या वरच्या पायरीवर नेलं, लिंबू-मीठ पाजलं, दुपट्ट्यानं वारा घातला. थोड्या वेळानं समुद्राकडून वारा सुटला. त्या शहराला दिवसातून मिळणारा तेवढाच गारवा, आणि तो फुकटचा. मैत्रेयीच्या चेहऱ्यावर रंग आला. पोटातलं बाळ हललं, तिनं सांगितलं. डोमाजी तिच्याकडे पाठ करून रडले.

सहाला राजदीप आला. बायको जिन्यात बसलेली, खोलीचं दार उघडं, आत बाप पाना घेऊन कूलरचे बोल्ट सोडवतोय. मैत्रेयीनं हलक्या आवाजात काय झालं ते सांगितलं. ती ठीक आहे हे नीट पाहून मग तो आत आला. आता तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, डोमाजींनी ठरवलं होतं. तो बोलायच्या आधी तेच बोलले.

"तुनं सांगतलं होतं. म्या ऐकलं नाही. तुह्या मायचंबी नाही ऐकलं." त्यांनी पाना खाली ठेवला. "ताट्या घरात होत्या, राजदीप. याच होत्या. तिनंच टाचल्या होत्या. म्या म्हटलं, गिऱ्हाइकाच्या आहेत."

राजदीप रागावला नाही. तो ओल्या फरशीवर मटकन बसला आणि कूलरमधल्या ताट्यांकडे बघत राहिला. त्या ताट्यांची गोष्ट त्याला माहीत नव्हती. पण त्याच्याजवळही एक गोष्ट होती, जी बापाला माहीत नव्हती, आणि तीच त्याला दोन वर्षं गावाकडे येऊ देत नव्हती.

"मायनं मले फोन केलता," तो म्हणाला. "आदल्या दिवशी. म्हणे, तुह्या बापाले सांग, माह्या कूलरचं गवत बदलून दे, तुहं ऐकतेत ते. मी म्हटलं, सांगतो. ड्यूटीवर होतो. अन मी इसरलो, बाबा. एक फोन होता. सारा दोष मी तुमच्यावर टाकला, लोकाईसमोर."

'बाबा' हा शब्द आला होता. ज्याच्यासाठी डोमाजी एवढे पत्रे घेऊन आले होते तो शब्द असा आला, आणि त्यांना त्याचं काही सुख झालं नाही. समोर बसलेल्या मुलाच्या दाढीत पांढरे केस आले होते. बत्तीस वर्षांचं पोर. दोन वर्षं याच ओझ्याखाली ते एकटं कुढत होतं, आणि आपण समजत होतो ते आपल्यावर रागावलं आहे.

डोमाजींना पुन्हा ते दिसलं. रुखमाबाईंचं ते ताट्यांकडे पाहणं, आणि आपण लुनाला मारलेली किक.

"तुनं फोन केला असता," ते म्हणाले, "तरी म्या उद्याच म्हटलं असतं."

पोराला बरं वाटावं म्हणून ते बोलले नव्हते. ते खोटं असतं तर डोमाजींनाच बरं वाटलं असतं. राजदीपनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं, त्याला ते खरं आहे हे कळलं, आणि आईच्या दिवसांत जे त्याला जमलं नव्हतं ते त्याला आता जमलं. तो गुडघ्यात डोकं घालून मोठ्यानं रडला. मैत्रेयी दारात येऊन उभी राहिली आणि डोमाजींनी तिला हातानंच थांबवलं.

नंतर राजदीपनं पाना उचलला आणि दुसऱ्या बाजूचे बोल्ट सोडवले. पत्रे निघाले, मोटार निघाली. ताट्या निथळत होत्या. दोघांनी त्या गच्चीवर नेल्या. या हवेत त्या वाळायच्या नाहीत, चार दिवसांत बुरशी धरेल, हे आता डोमाजींनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी त्या एकेक करून कठड्याला टेकवून उभ्या केल्या, आणि एका ताटीचा सुटलेला टाका बोटानं आत सारला.