झिरीटोल्याचा स्ट्रेचर

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. दोन लोखंडी दांडे, मध्ये खाकी कॅनव्हास आणि खाली चार आखूड पाय, एवढाच माझा संसार. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की रडगाणे गातात, असे तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी सध्या फार मिजाशीत आहे, आणि त्याचे कारण सांगायलाच आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म भोपाळच्या बरखेड्यातला. तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात अच्युतराव नावाचे वेल्डर होते, मूळचे नागपूरचे. एकदा एका कामगाराचा पाय मोडला. त्याला चौघांनी हातांवर उचलून नेताना त्याचे फार हाल झाले. ते अच्युतरावांना बघवले नाही. त्यांनी उरलेल्या पाइपांचे दांडे जोडले, तंबूचे कॅनव्हास दाभणाने स्वतः शिवले आणि मला तयार केले. मोठ्या साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. मित्रांनी मात्र चेष्टा केली, "अच्युतराव, एवढा मजबूत केलाय की उद्या यावर क्रेन पण झोपवाल!"

कितीतरी वर्षे मी कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत चाकरी केली. कोणाला चक्कर आली, कोणाचा पाय मुरगळला की माझी आठवण व्हायची. मग चाकांचे चकचकीत स्ट्रेचर आले आणि माझी रवानगी कंडम मालाच्या खोलीत झाली. तिथे माझ्या कॅनव्हासवर पालींनी बस्तान मांडले. फार वाईट वाटायचे.

अच्युतरावांची मुलगी मंजूषा सरकारच्या मलेरिया विभागाचे काम बघते. ती भोपाळमधल्याच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते आणि महिन्यातले निम्मे दिवस दूरदूरच्या वस्त्यांवर फिरते. एके दिवशी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, झिरीटोल्यात आजारी माणसाला खाटेवर घालून घाट चढवतात हो. खाटेचा पाय झुडपात अडकला की माणूस गडगडतो. काहीतरी जुगाड होईल का?"

"होईल का म्हणजे? माझा स्ट्रेचर तिकडे सडत पडलाय," अच्युतराव म्हणाले. "उद्याच साहेबांशी बोलतो."

साहेबांनी होकार दिला आणि मी जीपच्या टपावर बसून भोपाळ सोडले.

झिरीटोला म्हणजे डोंगराच्या पोटात, झऱ्याच्या काठी वसलेली गोंडांची छोटी वस्ती. सडक वर, टोला खाली. जीप वरच थांबते आणि पुढे पायवाट. माझे स्वागत मोठ्या थाटात झाले. मुलांनी माझ्यावर उड्या मारल्या. मला वाटले, आपले दिवस फिरले.

पण हळूहळू मला तिथली रीत कळली. टोल्यात कोणाला थंडी वाजून ताप आला की घरचे आधी वाट बघत. उतरेल आज ना उद्या. नाहीच उतरला तर फगनूबाबाकडे. हा टोल्याचा पडिहार, म्हणजे झाडफूक करणारा जाणता. तो मनगटाला काळा धागा बांधी. तरीही ताप राहिला तर मोटारसायकलवरून पिशवी घेऊन येणाऱ्या एका डॉक्टरला बोलावत. तो खरा डॉक्टर होता की नाही देव जाणे, पण सुई टोचायचा आणि बाटली चढवायचा. घरात कोणाच्या जुन्या तापाच्या उरलेल्या गोळ्या डब्यात असल्या तर त्यातल्या एकदोन देत. माणूस उठेनासा झाला की मग माझी आठवण होई.

बिसनची गोष्ट तशीच झाली. बिसन टोल्यातला सगळ्यात चांगला मांदर, म्हणजे मातीचा ढोल, वाजवणारा. भादव्यात त्याला ताप भरला, आणि हे सगळे उंबरे झिजवून झाल्यावर त्याला माझ्यावर ठेवले. चौघे जीव तोडून घाट चढत होते. अर्ध्या वाटेवर माझा दांडा धरून ठेवलेला त्याचा हात सुटला. मला सगळ्यात आधी कळले आणि मला ते कोणालाच सांगता आले नाही. मित्रांनो, त्या दिवसाइतके दुःख मला कधीच झाले नाही.

त्यानंतर टोल्यात माझे नाव पडले, 'जमराज की खटिया'. मला शेळ्यांच्या गोठ्यामागे टाकले. मुले पैज लावून मला हात लावायची आणि किंचाळत पळून जायची. आजारी माणसे तर माझ्या नावानेच घाबरू लागली आणि आणखी उशीर करू लागली. माझा काय गुन्हा होता? मला बोलावलेच उशिरा होते!

मंजूषाने हे ऐकले तेव्हा ती कोणावर चिडली नाही. टोल्यातली आशा कार्यकर्ती सुखवती हिला बरोबर घेऊन तिने मला गोठ्यामागून काढले, झटकले, फगनूबाबाच्या ओसरीत आणून टेकवले आणि खुशाल माझ्यावर बसली.

"उठ जा बेटी," फगनूबाबा दचकून म्हणाला. "उस पे मत बैठ."

"बैठने की चीज़ है बाबा, बैठूँगी ही," मंजूषा हसली. मग तिने विचारले, "टोले में बुखार आता है तो लोग सबसे पहले कहाँ आते हैं?"

"मेरे पास. और कहाँ जाएँगे?" बाबाची मान ताठ झाली.

"तो जाँच भी सबसे पहले यहीं होनी चाहिए."

बाहेर ऊन रणरणत होते, बाकीची मंडळी पदराने वारा घेत होती आणि बाबा मात्र कांबळे पांघरून बसला होता. मंजूषाच्या नजरेतून ते सुटले नाही, पण तिने चारचौघांत त्याची फजिती केली नाही. तिने आधी स्वतःचे बोट पुढे केले. सुखवतीने टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतला. मग ओसरीतल्या एकेकाची पाळी आली आणि ओघाने बाबाचीही. पट्टीवर एक रेघ आली तर ठीक, जास्तीची रेघ उमटली तर मलेरिया. बाबाच्या पट्टीवर जास्तीची रेघ उमटली.

बाबाचा चेहरा उतरला. "लोग कहेंगे, बाबा का मंतर खुद पे नहीं चला."

"लोग कहेंगे, बाबा ने सबसे पहले इलाज किया," सुखवती म्हणाली आणि तिने त्याच्या हातात गोळ्या ठेवल्या.

ताप उतरला. बाबाने काय केले असेल? उरलेल्या गोळ्या डब्यात घालून डबा छपराच्या वाशात खोचला, पुढच्या तापासाठी! टोल्यात सगळे हेच करत. सुखवतीने डबा शोधून काढला आणि कमरेवर हात ठेवून विचारले, "बाबा, तुम्हारा धागा कोई बीच में खोल दे तो?"

"कैसे खोल देगा? धागा मैं ही खोलता हूँ, काम पूरा होने पर."

"तो फिर गोली बीच में क्यों छोड़ी?"

बाबाने पाणी मागवले आणि गोळी घेतली. त्या दिवसापासून त्याने टोल्यात नियम घातला. आधी सुखवतीकडून रक्ताची तपासणी, मग धागा, आणि धागा सुटणार तो शेवटची गोळी पोटात गेल्यावरच. मंजूषाने गोळ्या पूर्ण घ्या म्हणून घसा फोडला होता तेव्हा कोणी ऐकले नव्हते. बाबाचा धागा तोडायची मात्र कोणाची छाती नव्हती.

खरी कसोटी लागली ती रामकलीच्या वेळी. रामकली तरणीताठी बाई, कडेला तान्हे मूल. ताप आला त्याच दिवशी ती ओसरीत आली. पट्टीने दाखवले की हा डोक्यात जाणारा, वाईट जातीचा मलेरिया आहे. तिला गोळ्या दिल्या, त्या उलटीतून पडल्या. पुन्हा दिल्या, पुन्हा पडल्या. सुखवतीने रुग्णालयाची गाडी सडकेवर बोलावली. पण रामकलीचे पाय लटपटत होते. घाट चढणार कशी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"उस पे नहीं चढ़ूँगी!" रामकलीने मूल छातीशी घट्ट धरले. "उस पे बिसन भैया गए थे."

तिची सासू रडू लागली. काही केल्या सून माझ्यावर निजेना आणि वेळ तर निघून चाललेला. मला वाटले, संपले. माझ्या बदनामीपायी ही बाई जाणार.

तेवढ्यात फगनूबाबा उठला, आपले मुंडासे सावरले आणि सरळ माझ्यावर आडवा झाला. "उठाओ मुझे!" तो गरजला. चौघांनी त्याला उचलले आणि ओसरीला फेरी मारली. मुंडासे सुटून शेळीच्या पाठीवर पडले. पोरे खदाखदा हसली. बाबा उठून बसला. "देख रामकली, मरा क्या मैं? यह खटिया नहीं मारती. देर मारती है. चल, बैठ!"

रामकली बसली. मित्रांनो, चौघांनी असा घाट चढला की वाटेत खांदासुद्धा बदलला नाही. तिची बोटे माझ्या दांड्यावर होती आणि या वेळी ती सुटली नाहीत. सडकेवर गाडी उभीच होती.

काही दिवसांनी ती परतली, आणि कशी परतली! घाट उतरताना ती पुढे स्वतःच्या पायांनी चालत होती. मागून मी येत होतो आणि माझ्यावर तिचे तान्हे मूल पाय झाडत पडले होते. त्याने वाटेत माझे कॅनव्हास ओलेही केले. एवढा मान मला कारखान्यात कधी मिळाला नव्हता! टोल्यात बिसनच्या भावाने मांदर काढला, वस्ती नाचली. रामकलीच्या गोळ्या संपल्या त्या दिवशी बाबाने सगळ्यांसमोर तिचा धागा सोडला, आणि मला परत जमराजाचे नाव कोणी दिले नाही.

आता लोक पहिल्याच दिवशी ओसरीत येतात, गोळ्या घेतात, पुऱ्या करतात. यंदा फाल्गुन सरता सरता मंजूषा अच्युतरावांना टोल्यावर घेऊन आली. म्हातारे काठी टेकत घाट उतरले आणि मला पाहून चपापले. माझ्यावर मोहाची फुले वाळत घातली होती.

"अरे, हा माणसांसाठी बनवला होता मी," ते पुटपुटले.

सुखवती ओशाळली. "बाबूजी, पूरी बरसात निकल गई. किसी को ले जाना ही नहीं पड़ा."

अच्युतरावांचे डोळे भरून आले. मग ते खाली बसले आणि बोटांनी फुले सारखी करू लागले. "नीट पसरा गं," ते म्हणाले. "खालची ओली राहतील."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे मागतात, आम्हाला पुसा, आम्हाला वापरा. माझे मागणे वेगळे आहे. ताप आला तर पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोळ्या शेवटपर्यंत घ्या, एकही डब्यात ठेवू नका. आणि मला असाच फुलांखाली पडून राहू द्या.