पाठीच्या खिशातली विजार

मी एक जुनी विजार आहे, मित्रांनो. सायकल चालवणाऱ्यांनी थंडीत घालायची, कमरेपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटून बसणारी काळी विजार. दुकानात मला टाइट्स म्हणत. पण जिने मला घरी आणले ती आई मला विजारच म्हणाली, म्हणून मीही तेच नाव लावते.

माझे कापड एका गिरणीत विणले गेले. विणून झाल्यावर बारीक तारांच्या दातांचे एक यंत्र माझ्या आतल्या बाजूवरून फिरले. सारे अंग ओरबाडून निघाले. हा कसला छळ, असे मला वाटले. पुढे कळले, त्या ओरबाडण्यातूनच लव उठते, लवेत हवा अडकते आणि त्या अडकलेल्या हवेलाच माणसे ऊब म्हणतात. माझे तुकडे ज्या बाईंनी जोडले त्या फार हळू आवाजात देवाचे नाव घेत शिवत. गुडघ्यामागे शिवण आली की त्या उसवत आणि बाजूला नेत. "इथे टोचलं तर पोर पाय कसा मारेल गं?" असे माझ्याशीच बोलत. त्यांच्या टाक्यांबरोबर थोडे नामस्मरणही माझ्यात शिवले गेले असावे, अशी माझी श्रद्धा आहे.

मग मी दुकानात आले. कितीतरी दिवस घडीतच होते. एका सकाळी एक आई आणि तिची मुलगी आली. मुलीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. सायकलच्या शर्यतींसाठी ती सराव करत होती आणि संघात निवड व्हावी हाच तिचा ध्यास होता. पण तिचा उजवा गुडघा रोज सकाळी कुरकुरू लागला होता.

चष्मा कपाळावर चढवलेल्या दुकानदाराने विचारले, "कुठल्या थंडीसाठी हवंय?"

"थंडी काय चार प्रकारची असते?" आई म्हणाली.

"असते ना, ताई. कोरडी वेगळी, ओली वेगळी. कोरडी असेल तर हे नुसते गुडघ्यावरचे मोजे पुरतात. ऊन आलं की सोलायचे आणि खिशात टाकायचे. वारा, धुकं असेल तर मात्र ही पूर्ण, आतून लव असलेली."

"आमचं घर नदीकाठी. तिथे दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, माणसं कुठली वाळतायत!"

"मग हीच घ्या. घोट्याला चेन आहे, बूट न काढता चढते."

आईने मला ताणून पाहिले. "एक माप मोठी द्या. पुढच्या वर्षीही होईल."

"आई, मी एकोणीस वर्षांची आहे! आता कुठे वाढतेय मी?"

"आणि ढगळ घेतलीत," दुकानदार हसला, "तर गुडघ्यामागे चुण्या पडतील आणि वारा आत फिरायला येईल."

भिंगरीने मला पडद्याआड घालून पाहिले. तिचा उजवा गुडघा माझ्या लवेत शिरला तेव्हा तो बर्फासारखा गार होता. हळूहळू त्याने ऊब धरली. तेव्हाच मी मनाशी म्हटले, हा गुडघा माझा.

पण घरी एक नियम माझी वाट पाहत होता.

भिंगरीचे बाबा मुलींच्या संघाचे शिक्षक होते. तरुणपणी ते उंच डोंगरातल्या गावात शर्यती करत. तिथे त्यांच्या गुरूंनी घालून दिलेला नियम असा, की रस्त्याकडेचे गवत हिमाने पांढरे झाल्याशिवाय पाय झाकायचे नाहीत. तोवर मिरी आणि कापूर घालून उकळलेले झणझणीत तेल पायांना चोळायचे. बाबा ते तेल स्वतः करत. त्यांच्या हातांना बारा महिने कापराचा वास येई.

मला पाहून ते म्हणाले, "ही काय गोधडी आणलीत?"

"विजार आहे," आई म्हणाली. "तिचा गुडघा दुखतो, तो झाकायला."

"दुखणारच. न दुखता कुणाचे पाय तयार झालेत? गवत पांढरं होऊ दे, मग खुशाल घालू दे."

"आणि तोवर?"

"तोवर तेल आहे. आग होते ना? आग म्हणजेच ऊब."

आई वाद घालणाऱ्यांतली नव्हती. तिने मला घडी करून कपाटात ठेवले आणि भिंगरीच्या कानाशी म्हणाली, "देव पाठीशी असतो, बाळ, पण विजार आपल्याच हाताने पायात घालावी लागते. कोपऱ्यावर गेलीस की घालत जा."

माझ्या आयुष्यात कामाचे दिवस थोडे आले, मित्रांनो. बाबा एकदा शर्यतींसाठी परगावी गेले होते. तो आठवडा माझ्या सुखाचा. रोज सकाळी भिंगरी मला घाली आणि आम्ही नदीकाठच्या रस्त्याला लागत असू. धुके इतके दाट असे की पुढच्या सायकलचे चाकच तेवढे दिसे. बाहेरून माझ्यावर दवाचे थेंब जमत, पण आत तिचा गुडघा उबेत फिरत असे, तक्रार न करता. घरी येऊन ती आईला म्हणाली, "ही विजार नाही गं, औषध आहे." त्या कौतुकावर मी अजून जगते आहे.

बाबा परतले आणि मी पुन्हा घडीत गेले. भिंगरी धीर करून एकदा मला घालून संघाच्या मैदानावर गेली, तर तिच्या मैत्रिणींतली चिमणी नावाची मुलगी ओरडली, "या आजीबाई, या! काठी कुठे ठेवलीत?" सगळ्या हसल्या. बाबाही हसले. भिंगरीने तिथेच मला पायांतून ओढून काढले, गुंडाळले आणि शर्यतीच्या सदऱ्याला पाठीवर असतो त्या खिशात कोंबले.

त्यानंतर ती मला रोज नेई आणि रोज खिशातच ठेवी. माझी सगळी ऊब तिच्या घामेजलेल्या पाठीला, जिथे तिची गरजच नव्हती. हातभर खाली तिचा गुडघा उघडा होता. तेलाने लाल झालेला, वरून पोळलेला आणि आतून गारठलेला. मी त्याची कुरकुर ऐकत होते आणि काही करू शकत नव्हते. एकदा तिने बाबांना सांगितलेही, "बाबा, जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली सुई टोचते." ते साखळीला तेल घालत होते. मान न वळवता म्हणाले, "निवड होऊ दे, सगळ्या सुया निघतील."

हिवाळा तसाच सरत गेला. दव पडे, धुके पडे, वारा हाडे पोखरी. गवत काही पांढरे झाले नाही.

निवडीच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. रस्ता घाट चढून माथ्यावर जाई, पलीकडे लांब उतरे आणि पुन्हा चढे. भिंगरी सर्वांच्या पुढे माथ्यावर पोहोचली. उतारापूर्वी तिने पाय टेकला आणि मला खिशातून बाहेर काढले. मी उलगडले. माझे दिवस आले, असे मला वाटले.

मागून बाबांची गाडी आली. काच थोडी खाली झाली, आतली गरम हवा बाहेर आली. "आता काय शृंगार करत बसणार आहेस? मागच्या आल्या बघ! तेल चोळ आणि सूट!"

तिने माझ्याकडे पाहिले. मग रस्त्याकडे पाहिले. मी पुन्हा खिशात गेले.

उतारावर वारा आणि पाणी तिच्या उघड्या पायांवर आदळत होते. दात वाजत होते ते मला पाठीतून कळत होते. पायथ्याशी चढ लागला. जोर घ्यायला ती पायडलवर उभी राहिली. मला गुडघा दिसत नव्हता. तिची पाठ एकाएकी ताठ झाली, एवढेच मला जाणवले. मग ती किंचाळली.

चिमणी मागून येत होती. तिने आपली सायकल रस्त्यात टाकली, निवडबिवड सगळे विसरली. भिंगरी थरथरा कापत होती. चिमणीने मला खिशातून ओढले आणि तिच्या ओल्या पायांवर चढवू लागली. "घाल गं, घाल, आजी म्हणणार नाही, शपथ!" ती रडत म्हणत होती. उजव्या पायात मी कशीबशी चढले. आत शिरल्यावर कळले की वाटी तिच्या जागी नव्हती. गुडघा माझ्यातच सुजत गेला. ज्याला मी ऊब द्यायची, त्याला मीच आवळू लागले. याहून मोठे दुःख माझ्या वाट्याला आले नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कात्री घेतली आणि मला घोट्यापासून मांडीपर्यंत चिरले.

"वाटीखालचा पट्टा तुटलाय," त्या म्हणाल्या. "शिवू आपण. चालशील तू. शर्यतीचं मात्र मनातून काढून टाक."

बाबा कोपऱ्यात उभे होते. "पण तेल लावलं होतं. पाय गरम होते तिचे."

"कातडी पोळत होती. आत ऊब पोहोचतच नाही त्याने. आणि नुसत्या थंडीने एवढं होत नाही. हे बऱ्याच दिवसांचं दुखणं आहे, त्याच्यावरच जोर दिलाय. हिने कुणाला सांगितलं नाही का?"

"सांगितलं होतं," भिंगरी म्हणाली.

मग बाबा पुटपुटले, "गवत पांढरं झालं असतं तर मीच म्हटलं असतं, झाक म्हणून."

"बाबा, ते तुमच्या डोंगरातलं. इथे गवत पांढरं होत नाही. माझ्या आठवणीत तरी एकदाही झालेलं नाही."

आईने मला पिशवीत घालून घरी आणले आणि धुतले. टाकायला तिचा हात धजेना. मी सायकलींच्या खोलीत खिळ्याला अडकले.

भिंगरी चालू लागली, पण एक पाय ओढत. पुढच्या थंडीत तिने आपली सायकल चिमणीला द्यायची ठरवले. बाबा ती पुसायला बसले. फडके शोधताना त्यांनी मला ओढले. माझा डावा पाय अजून धड होता. मला हातमोज्यासारखे चढवून पुसायला त्यांनी त्यात हात घातला, कोपरापर्यंत. आणि लवेच्या उबेत तो तसाच राहिला. इतक्या दिवसांत त्यांनी माझी आतली बाजू कधी चाचपली नव्हती.

भिंगरी दारात आली. "पुसा ना. चिमणी येईल आता."

"तिला सांग," बाबा म्हणाले, "उद्यापासून गुडघे झाकून यायचं."

"मी नाही. तुम्ही सांगा. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर मुली जमल्या. बाबांचा आवाज मी ऐकला. तो नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "आधी गुडघे झाका. मग सायकल काढा."

त्यांना थट्टा वाटली. एक नवी मुलगी म्हणाली, "पण सर, गवत कुठे पांढरं झालंय?"

तेवढ्यात भिंगरी पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्यामधून गेली. एक पाऊल पडे, दुसरे फरशीवर घासत येई. पाऊल, घास. पाऊल, घास. सगळ्या ऐकत राहिल्या. मग एका पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग दुसरीची, मग कितीतरी.

मित्रांनो, मला कोणी शिवायला घेतले तर मी पुन्हा विजार होईन. गुडघ्याचे तसे नाही. म्हणून हवा पाहून पांघरूण निवडा, नियम पाहून नव्हे. आणि घरात कोणी "दुखतंय" म्हणाले, तर हातातली साखळी खाली ठेवा, मान वळवा आणि त्याच क्षणी विचारा, कुठे?