पल्लवीची नाडी

अपडेटची सूचना आली की आमच्या बाया ती बोटाने बाजूला सारतात, जेवताना माशी हाकलावी तशी. मीही तेच करते, पण ऑफिसात सांगत नाही. गरोदर बायांच्या तब्येतीचा अभ्यास आम्ही नाशिकला बसून मोबाइलवरून करतो. अ‍ॅप रोज बोलून प्रश्न विचारतं, बाया स्क्रीनवरच्या चित्रावर बोट ठेवून उत्तर देतात. सगळ्यांकडून अपडेट करून घेणं माझं काम. या वेळी अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर वेदिकाने निरोप माझ्याच आवाजात भरून घेतला : ‘अपडेट करा, नाहीतर तुमचं नाव कमी होईल.’ मला ते टोचलं. पण भराभर फोन अपडेट झाले, तेव्हा गप्प बसले.

नव्या अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्यावर बोट धरलं की नाडी मोजली जाते. दुसऱ्याच सकाळी पेठ तालुक्यातल्या पल्लवीच्या नावापुढे लाल खूण आली. नाडी धावत होती, मध्येच अडखळत होती. पोरगी पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. फोन लावत राहिले, कोणी उचलेना. नवरा किशोर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला, त्याचाही बंद. वेदिकाने पेठहून अ‍ॅम्ब्युलन्स मागवली आणि मी जीपने निघाले. घाट चढेपर्यंत नको ते सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं.

पोचले तर पल्लवीची सासू चिमणाबाई ओट्यावर नागली पाखडत बसलेली. पल्लवी कुठाय, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

ती माहेरी गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सुरगाण्याच्या डोंगरात रेंज नाही म्हणून फोन सासूकडे ठेवलेला. कालच तिचा भाऊ सांगून गेला, पोरगी ठणठणीत आहे, भाकरी जास्त खाते. मी तिथेच ओट्यावर बसले. रडू आलं आणि हसूही.

मग हसू थांबलं.

“मावशी, मग फोनवर बोट कोण धरतं?”

“मीच की.” चिमणाबाईने सूप खाली ठेवलं. “फोनमधून तुम्हीच बोलल्या, नाव कमी होईल. नाव गेलं तर बाळंतपणाला डॉक्टर येईल का? म्हणून अपडेट केलं, बोट पण धरलं.”

“आणि मी फोन करत होते, तो?”

“तुमचा फोटू दिसायचा, म्हणून नाय उचलला. आवाज वळखला असता तुम्ही.”

एवढं बोलून ती थांबली. नुसत्या बोलण्याने तिला दम लागला होता. ओठ निळसर दिसत होते. मी मनगट धरलं. डॉक्टर नाही मी, पण स्क्रीनवर पाहिलेलं ते अडखळणं माझ्या बोटांखाली होतं. कधीपासून असं होतंय, विचारलं. पेरणीपासून, म्हणाली, पण मला कोण विचारतंय, असंही म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सहज. नाव कोणाचंही कमी होत नाही, डॉक्टर येणारच, हे मी तिला पुन्हापुन्हा सांगितलं. तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज तर दोन्हीकडे माझाच होता.

दुसऱ्या पेशंटकडे अडकलेली अ‍ॅम्ब्युलन्स शेवटी आली. चिमणाबाई चढायला तयार नव्हती. नागली उघडी आहे म्हणाली, कोंबड्या आहेत. शेजारणीला हाक मारून मी सगळं तिच्यावर सोपवलं आणि हिला जवळजवळ उचलूनच आत बसवलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. वेदिकाला फोनवरून सगळं कळवलं.

घाटात तिच्या मुठीतला फोन वाजला. ‘नमस्कार पल्लवी, आज कसं वाटतंय?’ हसरा चेहरा, रडका चेहरा. चिमणाबाईने मास्क थोडा बाजूला केला.

“मावशी,” मी म्हटलं, “आज खरं काय ते दाब.”

तिने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“पल्लवीचं विचारतंय ना,” ती म्हणाली. “ती बरी हाय.”