एक अक्षर, एक आवाज

इंग्रजीइतकी खोटारडी भाषा मी दुसरी पाहिली नाही. लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. कुरुंद्याच्या शाळेत मी आयुष्यभर ती शिकवली. पोरं रडकुंडीला यायची, म्हणून शेवटी स्वतःचीच सोपी अक्षरं बेतली. सी, क्यू आणि एक्स या तिघांना रजेवर पाठवलं. एक अक्षर, एक आवाज. आवाज लांबला की डोक्यावर रेघ. आधी या अक्षरांत वाचायला शिकायचं, खऱ्या स्पेलिंगचं झेंगट पुढच्या वर्षी. साहेब लोक हसले, पण माझी पोरं धडाधड वाचू लागली.

मग निवृत्त झालो, बायको मालन गेली आणि घरात बोलणारा फक्त टीव्ही उरला. मुलगा प्रमोद बेंगळुरूला असतो. फोनवर तो विचारतो, "कसं काय, बाबा?" मी म्हणतो, "मजेत." दुसरं काही म्हणायला जीभच वळत नाही. यंदा त्याने आठ वर्षांच्या साक्षीला सुट्टीभर माझ्याकडे ठेवायचं ठरवलं, तेव्हा मी जुना तक्ता नव्याने रंगवून काढला. नातीला इंग्रजी वाचायला शिकवायचं.

आल्या आल्या तिने बॅगेतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि ओसरीवर बसून भराभर पानं उलटायला लागली. माझं दुकान उघडायच्या आतच बंद पडलं.

एकदा वारंगा फाट्यावर तिने एसटीची पाटी बघून विचारलं, "आबा, ही बस कुठे जाते?"

"वाच की."

"हे मला येत नाही."

मराठी ती थोडीफार बोलायची, पण वाचायला एक अक्षर येत नव्हतं. घरी येऊन मी तक्ता तिच्यापुढे ठेवला. टीखाली टिंब दिलं की त, एलखाली दिलं की ळ. इंग्रजीसाठी बेतलेल्या अक्षरांत मी मराठी लिहू लागलो आणि ती वाचू लागली. वसमत. हळद. 'पारुबाईची शेळी पळाली' हे वाचल्यावर ती शेजारच्या पारुबाईंकडे जाऊन शेळी बांधलेली आहे ना, हे बघून आली. मला सकाळी लवकर उठावंसं वाटू लागलं. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

एका दुपारी नवीन वाक्य सुचेना. ती पाटी-खडू पुढे करून बसलेली. मनात रोज घोळतं, तेच हाताने लिहिलं. तिला कळणार नाही, म्हणूनच धीर झाला असेल.

"मला करमत नाही," तिने एका दमात वाचलं. "करमत म्हणजे काय, आबा? बोअर?"

"न्हाई."

"सॅड?"

"तसंबी न्हाई."

एवढी वर्षं इंग्रजी शिकवली, पण त्या शब्दाला इंग्रजी शब्द काही सापडेना. तेवढ्यात प्रमोदचा फोन आला. तिने झडप घालून तो उचलला.

"पप्पा, मला मराठी वाचता येतं! ऐक. मला करमत नाही."

मग स्पीकरवर त्याचा आवाज आला, एकदम मऊ. "करमत नाही का, बेटा?"

तिला वाटलं, बरोबर वाचलं का, असंच तो विचारतोय. "हो!" ती ठसक्यात म्हणाली.

"आबांकडे दे."

मी फोन घेतला.

"बाबा, लेकराला करमंना अन् तुमी सांगितलं काहून न्हाई? जीव रमला असंल, असं धरून चाललो मी. तिकीट काढून राहिलो. रविवारी येतो न्यायला."

ते वाक्य तिचं नाही, माझं आहे. एवढंच म्हणायचं होतं. माझा मुलगा ऐकत होता, नीट ऐकत होता, आणि मला ते म्हणता आलं नाही.

"बरं," मी म्हणालो. "ये."

साक्षीने पाटी पुसून पुन्हा माझ्यापुढे ठेवली. "आता पुढचं."

मी लिहिलं. तिने मोठ्याने वाचलं, "पप्पा येणार आहे."

याचा अर्थ तिला विचारावा लागला नाही. ती टाळ्या वाजवत घरभर पळत सुटली.